भोपळा आणि मणी पारखताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच दिवशी आपल्या भजनात खुळखुळे वाजले. तेव्हापासून हे भोपळे कुठे मिळतात आणि मणी कोणते घ्यायचे, हे विचारायला रोज कोणीतरी माझ्या दारात उभी असते. एकेकीला सांगता सांगता तव्यावरची भाकरी करपते. शेवटी कार्यवाहताई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना मिळून सांगा, म्हणजे स्मरणिकेतही छापता येईल. मी सातवी शिकलेली बाई. गणितात मला पुष्कळदा भोपळा मिळाला आहे, आणि भाषणाचा माझा अनुभव म्हणाल तर तोही भोपळाच. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्या.

माझे माहेर वेल्ह्याकडचे, तोरण्याच्या पायथ्याचे. तालुक्याचे नाव आता सरकारी कागदावर राजगड झाले आहे, पण माझ्या तोंडी वेल्हेच बसले आहे. आमच्या घरात चुलीच्या वर, आढ्याला, वाळलेले कडू भोपळे टांगलेले असायचे. धुराने ते काळेभोर आणि चकचकीत झालेले. एकात काकडीचे बी, एकात दोडक्याचे, एकात पावट्याचे. भोपळ्याच्या तोंडाला शेणाचे बूच. त्यात कीड लागत नसे. वडील पोहायला शिकवताना दोन भोपळे दोरीने पाठीला बांधून आम्हाला डोहात सोडायचे. आणि एक इवलासा भोपळा धाकट्या भावाच्या पाळण्याला बांधलेला होता. त्याच्या आत त्याचेच बी वाळून सुटे झालेले. पाळणा हलला की तो खुळखुळे. आईने तो कुठून विकत आणला नव्हता, की मुद्दाम केलाही नव्हता. तो वेलीवर तसाच तयार झाला होता.

भोरला सासरी आल्यावर हे सगळे विसरून गेले. आठवण झाली ती आपल्या भजनामुळे. आपल्यातल्या एक आजी, त्यांच्या मनगटात टाळ धरण्याची ताकद राहिली नाही. त्या कोपऱ्यात नुसत्या बसू लागल्या. मला ते बघवेना. त्याच सुमारास भाच्याने मोबाईलवर एक भोपळा वाजवताना दाखवला. आफ्रिकेच्या पश्चिमेला, नायजेरियाच्या बाजूला, भोपळ्याला बाहेरून मण्यांचे सैल जाळे घालतात आणि तो या हातावरून त्या हातावर फिरवत वाजवतात. त्याला शेकेरे म्हणतात. मी म्हटले, अग बाई, हा तर आपला दुध्या! दुध्या भोपळा मूळचा आफ्रिकेतलाच म्हणतात. पण आपल्या माणसांनीही त्याला कमी राबवले नाही. वारली लोकांचा तारपा त्याचा, त्यांची घांगळी दोन भोपळ्यांची, आणि मिरजेचे तंबोरे नि सतारी तर जगभर जातात. त्यांना 2024 साली सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता माझी पहिली फजिती सांगते. मी सरळ बाजारातून चांगले सहा दुधी आणले आणि गच्चीवर उन्हात ठेवले. पंधरा दिवसांत चार सडले, आणि दोघांच्या अंगाला म्हातारीच्या हातासारख्या सुरकुत्या पडल्या. बोटाने दाबले तर बोट आत. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला. बाजारातला दुधी कोवळा तोडलेला असतो. त्याला कवच धरलेलेच नसते, मग वाळणार काय? शिवाय भाजीसाठी जे वाण आता मिळते, त्याची सालच पातळ. कितीही जून होऊ दिला तरी तो ठणठणीत होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की भोपळा दुकानात निवडायचा नसतो, वेलीवर निवडायचा असतो. आणि बी कडू भोपळ्याचेच हवे. कडू असल्यामुळे त्याला जनावर तोंड लावीत नाही, आणि आमच्याकडच्या वाणाचे कवच चांगले जाड होते. हे बी मला कोणत्याही दुकानात मिळाले नाही. माहेरी गेले, तर आमच्या आढ्यावरचे भोपळे केव्हाच चुलीत गेलेले. घर स्लॅबचे झाले, गॅस आला, आढे आणि धूर दोन्ही गेले. चार वाड्या फिरले. अखेर एका धनगर आजीच्या झोपडीत दोन भोपळे लोंबताना दिसले. एकात मीठ होते, दुसऱ्यात बी. आजी म्हणाली, "बाई, हे घेऊन कोण काय करतंय आता?" तिने मला ओंजळभर बी दिले, आणि पैसे देऊ केले तर रागावली. आपले सगळे खुळखुळे त्या ओंजळीतून आले आहेत.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. भोरपेक्षा वेल्ह्याला तो आणखी कोसळतो. वेल जमिनीवर पसरू दिला, की फळाची खालची बाजू कुजलीच म्हणून समजा. मांडव घालायचा, फळे लोंबती ठेवायची. लोंबल्याने मानही सरळ आणि लांब होते. मूठ बसण्याजोगी मान ज्याला आहे, तो आतून बी भरण्याच्या खुळखुळ्याला घ्यायचा. जमिनीवर टेकून बसलेल्या फळाचे बूड रुंद आणि पसरट होते, मान वाकडी होते. तसे हवे असेल तर खाली पेंढा घालायचा आणि फळ अधूनमधून हलक्या हाताने फिरवायचे. तंबोऱ्याला लागतात तसे घागरीएवढे भोपळे आपल्या लाल मातीत आणि पावसात माझ्याच्याने काही झाले नाहीत. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडे होतात. तिकडे पाऊस कमी, जमीन काळी. मिरजेचे कारागीर तिकडूनच नेतात. आपल्याला हातात धरून वाजवायचे आहे, आपल्याला नारळाएवढा ते कलिंगडाएवढा पुरे.

फळ तोडण्याची घाई करू नका. दिवाळीत ते छान हिरवे, टपोरे दिसते आणि हात शिवशिवतात. पण वेल वाळू द्या, देठ तपकिरी होऊ द्या. नख लावून बघा. नख रुतले तर अजून वेळ आहे. नख घसरले तर तोडा, आणि तोडताना चार बोटे देठ ठेवा. देठ मुळातून तोडला, की त्या जखमेतून पाणी शिरते आणि आतून कुजते. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगायचे. उन्हात ठेवलेला भोपळा पटकन वाळतो आणि तितक्याच पटकन तडकतो. वाळताना अंगावर काळी-पांढरी बुरशी येते. पहिल्या वर्षी मी घाबरून चांगले तीन भोपळे उकिरड्यावर टाकले. बुरशीला भिऊ नका. भोपळा कडक असेल तर ती वरवरची असते, ओल्या काथ्याने घासली की जाते. मऊ पडलेला भोपळा मात्र ताबडतोब बाहेर काढा. एकूण तीन-चार महिने लागतात, मोठ्याला सहाही. हलवल्यावर आत बी वाजले, की झाला.

आता वाळलेले दहा भोपळे समोर आहेत, त्यातला कोणता घ्यायचा? सारख्या आकाराचे दोन उचला, एक या हातात, एक त्या हातात. जो जड तो घ्या. आत पाणी तर दोघांतही उरलेले नाही, तेव्हा जो जड त्याचे कवच जाड. जाड कवचाचा आवाज खोल येतो आणि तो पडला तरी टिकतो. पातळ कवचाचा आवाज चिरका, आणि पहिल्याच काल्याला तडा. मग बोटाच्या पेराने वाजवून बघा. मडके घेताना आपण वाजवतो ना, अगदी तसे. सगळीकडे एकच टण्ण आवाज आला पाहिजे. कुठे भद्द आले, तर तिथे आतून पोखरले आहे. एवढ्यावरही शंका असेल तर माझ्या वडिलांची रीत करा. भोपळा पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले तर किडीचे भोक आहे. वडील हे करीत ते पोरांच्या जीवासाठी, आपण करतो आवाजासाठी.

भोपळा कापून आतला गर काढताना नाकातोंडाला पदर बांधा. तो धुरळा फार वाईट, मला आठ दिवस खोकला लागला होता. गर निघत नसेल तर आत पाणी भरून रात्रभर ठेवा, मग मूठभर खडे घालून खळखळून धुवा. बाकी कापणे, घासणे हे हाताला आपोआप येते.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगते, कारण ती माझ्या हातून घडली आहे. पहिल्या वर्षी मी कडू भोपळ्याचा वेल आणि भाजीच्या दुधीचा वेल शेजारी शेजारी लावले. भोपळ्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, रात्री पतंग या वेलीवरून त्या वेलीवर फिरतात. मला हे कुठले सुचायला! त्या दुधीचे बी मी धरले आणि मोठ्या मनाने जाऊबाईंना दिले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या वेलीला दुधी लागले ते दिसायला गोड आणि चवीला विष. भाजी कडू लागली तरी अन्न टाकू नये म्हणून त्यांनी आणि मुलाने खाल्ली. दोघांना उलट्या-जुलाब, दवाखान्यात दोन दिवस सलाईन. कडू दुधीने माणसे दगावलेली आहेत, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितले. जाऊबाई बऱ्या झाल्या, पण आमचे विळ्या-भोपळ्याचे सख्य झाले ते वर्षभर. तेव्हा कडू वेल लावाल तर भाजीच्या दुधीचे बी घरचे धरू नका, विकतचे आणा. आणि दुधी चिरताना बारीक तुकडा जिभेला लावून थुंकायची सवय ठेवा. कडू लागला तर सबंध टाकून द्या, अन्नाचा मोह धरू नका.

आता मण्यांकडे वळते. आतून भरायचा खुळखुळा असेल तर सर्वांत उत्तम कर्दळीचे बी. मोरीच्या पाण्यावर, परसात, लाल-पिवळी कर्दळ आपल्या सगळ्यांकडे आहे. तिची बोंडे फुटली की आत काळे, गोल, छऱ्यासारखे बी निघते. झिंबाब्वे देशात होशो नावाचे भोपळ्याचे जोडखुळखुळे असतात, त्यात हेच भरतात म्हणे. मी तांदूळ घालून पाहिले, त्याचा चुरा होतो आणि किडे लागतात. खडे घातले, ते आतून कवच खातात. कर्दळीच्या बियांना काही होत नाही. मुठीएवढ्या भोपळ्याला लहान चमचाभर पुरे. गच्च भरला की वाजणार काय, आतल्याला उडायला जागा हवी.

बाहेरच्या जाळ्यासाठी मला कसई आवडते. कोणी तिला रानजोंधळा म्हणतात. ओढ्याच्या काठी, भातखाचराच्या बांधाला उगवते. तिचा दाणा राखाडी, काचेसारखा तुळतुळीत, आणि देवाने त्याला आरपार भोक पाडूनच पाठवलेला. देठाचा धागा ओढला की मणी तयार. बाजारात वैजयंतीची माळ म्हणून हीच विकत मिळते. हिरवट किंवा मळकट तपकिरी दाणे घेऊ नका, ते पुढे चिंबतात. राखाडी-पांढरा, दाताखाली न दबणारा घ्या. त्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर नव्हे, कौलांवर पडणारा पाऊस. काचेचे मणी जास्त लखलखीत वाजतात, पण त्यांच्या भोकाची कड बोटाने तपासा. धारदार असेल तर दोरा कापते, आणि ऐन गजरात सगळे मणी सतरंजीवर. हे आपल्याकडे झालेले आहे, मी कोणाचे नाव घेत नाही. प्लास्टिकचे मणी हलके, ते वाजत नाहीत, नुसते कचकचतात. सागरगोटे सुंदर, पण जड. ते खेळायलाच ठेवा.

जाळ्यात प्रत्येक मण्यातून दोन पदर जातात, म्हणून दुहेरी दोरा सहज ओवला जाईल असेच भोक हवे. दहा मणी ओवून ती सर भोपळ्यावरून सावकाश ओढा आणि डोळे मिटून ऐका. दहा मणी जसे वाजतील तसेच तीनशे वाजतील. अगोदर जाळे विणून मग पस्तावण्यापेक्षा हे बरे.

गुंजा मात्र नको, म्हणजे नकोच. लाल अंगावर काळा ठिपका, किती देखण्या! सोनार पूर्वी त्यांवर सोने तोलीत, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पण गुंज अत्यंत विषारी. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज लेकराच्या पोटात गेली तर जिवावर बेतते. भजनाला आपली पोरे मांडीवर असतात. गेल्या वर्षी दोघीतिघींनी हौसेने गुंजांच्या माळा आणल्या होत्या, मी त्या परत केल्या. त्यांना राग आला. येऊ दे. तान्ह्यांच्या हाती तर कोणताच खुळखुळा देऊ नका, मणी सुटून घशात अडकतो.

आता जे सांगणार आहे, ते सांगू की नको असे मी कार्यवाहताईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारा. त्यांनी हो म्हटले. त्या इथेच बसल्या आहेत.

गेल्या वर्षी मोठ्या भोपळ्याचे जाळे विणताना मणी कमी पडले. म्हणून मी सगळ्यांना म्हटले, ज्याच्या घरी जुने, तुटके मणी असतील ते आणा. कोणी तोरणाचे आणले, कोणी मुलीच्या फ्रॉकचे. आणि एक काकू रुमालाची गाठ घेऊन आल्या. त्यात काळे मणी होते. मंगळसूत्राचे. काका जाऊन नऊ वर्षे झाली. त्या दिवशी नातलग बायांनी गळ्यातले तोडले, सोन्याची वाटी सासूबाईंकडे गेली, आणि घरंगळलेले काळे मणी काकूंनी रात्री कंदील घेऊन एकेक वेचले. नऊ वर्षे ते डब्याच्या तळाशी होते.

खोलीत कोणी बोलेना. मग एकदम सगळ्याच बोलू लागल्या. एक म्हणाली, देवाच्या भजनात तुटलेले मंगळसूत्र? अपशकुन. दुसरी म्हणाली, ते तोडणे हाच अपशकुन होता. एका तरुण सुनेने 2022 सालची गोष्ट काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने त्या वर्षी मे महिन्यात ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही; आणि त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. त्यावर आमच्यातली एक वडीलधारी म्हणाली, परिपत्रक कागदावर असते, बाई माणसांत असते. तिचेही खोटे नव्हते.

माझी अडचण वेगळीच होती. मी सगळ्या जणींना बजावून सांगितलेले, की मणी आवाजावर निवडायचे, रूपावर किंवा मायेवर नाही. काळे मणी बारीक. दुहेरी दोरा त्यांतून जाईना, आणि भोपळ्यावर ओढून पाहिले तर आवाज जवळजवळ नाहीच. जाळ्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी. मला तोंडाने तसे म्हणवेना. मग मला वाटले की मोठा शहाणा तोडगा सापडला. आतून भरायच्या लहान भोपळ्यात असे बारीक मणी फार चांगले वाजतात, वाळू सरकावी तशी सळसळ येते. मी काकूंना म्हटले, "हे आत घालू. आवाजही छान येईल, आणि कोणाला दिसायचेही नाहीत."

काकू म्हणाल्या, "आत तर ते नऊ वर्षे होतेच की. बाहेर लाव."

मी लावले. मोठ्या भोपळ्याच्या मानेशी, जिथून जाळे सुरू होते, तिथे एकेरी दोऱ्यात ओवून त्यांचा गोफ बसवला. वाजण्यात त्यांचा काही वाटा नाही, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगते. माझा नियम मी तेवढ्या एका ठिकाणी मोडला आहे. दोन भगिनींनी त्या दिवसापासून तो भोपळा हातात धरला नाही. एक आता धरतात. दुसऱ्या अजून धरीत नाहीत, त्या टाळ घेतात आणि काकूंच्या शेजारीच बसतात. वाजवतात मात्र तो भोपळा काकूच. एरवी त्या मागच्या रांगेत बसत, आता भोपळ्याला हात फिरवायला जागा लागते म्हणून पुढे बसतात.

आणि मनगट दुखणाऱ्या आजी? त्यांना कर्दळीचे बी भरलेला लहान खुळखुळा दिला. ताल त्यांचा अजून चुकतो, पण चुकीचासुद्धा त्या इतक्या ठासून वाजवतात की आम्ही सगळ्या त्यांच्यामागे जातो.

कडू भोपळ्याचे बी मी चहाच्या टेबलापाशी ठेवले आहे. पुड्यांना लाल दोरा बांधला आहे, म्हणजे भाजीच्या बियांत मिसळणार नाही. एका घरी पाच बिया पुरे. रोहिण्या लागल्या की लावा, मांडव आधी घाला. ज्यांच्या परसात दुधीचा वेल आहे त्यांनी बी नेऊ नये, त्यांना पुढल्या माघात मी वाळलेला भोपळाच देईन. आणि माझ्या जाऊबाई मागे उभ्या आहेत, त्यांच्याकडे कसईचे मणी आहेत. ते त्यांनी स्वतः ओढ्यावरून वेचून आणले आहेत, मी सांगितले नव्हते.